देवगिरीचा दरवाजा आणि मिठाची पोती



आपल्या गोरेगावाहून औंढा नागनाथाचे मंदिर फार दूर नाही. त्या मंदिराचे कोरीव काम ज्या यादवकाळाची आठवण देते, त्या यादवांची राजधानी देवगिरी, म्हणजे आजचा दौलताबाद. येथील महाकोटाचा दरवाजा पाहणे हा संरक्षणशास्त्राचा एक धडाच आहे. आज उभे असलेले दरवाजे व तट यादवांनंतरच्या सत्तांनी वेळोवेळी बांधले व वाढविले.

जाड लाकडी फळ्यांवर लोखंड ठोकलेले आहे आणि त्यातून लांब, अणकुचीदार खिळे बाहेर आले आहेत. हत्तीने मस्तकाने धडक द्यावी, तर प्रथम त्याचेच मस्तक फुटावे, ही योजना. पहिल्या दरवाजातून आत गेले की पुढचा दरवाजा समोर दिसत नाही, वाट वळते. त्यामुळे हत्तीला वा सैन्याला धावत येण्यास जागाच उरत नाही, आणि वरच्या तटावरून मात्र शत्रू टप्प्यात येतो. बाजूला पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. अंबरकोट, महाकोट व काळाकोट अशा तीन तटांमागे खडकात खोदलेला खंदक आणि त्यामागे उभा तासलेला डोंगर.

एवढ्या बळकट स्थळाचा पाडाव कसा झाला, हा प्रश्न व्यापारी घरांनी अवश्य विचारावा. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला, तेव्हा राजा रामचंद्रदेव डोंगरी किल्ल्याच्या आश्रयाला गेला. फरिश्ता हा इतिहासकार सांगतो की, वेढ्यासाठी घाईघाईने आत नेलेली पोती धान्याची समजली गेली. उघडून पाहता त्यांत मीठ निघाले. राजाला तह करावा लागला. पुढे १६३३ मध्ये शाहजहानचा सेनापती महाबतखान याने सुरुंगांनी बाहेरचे तट फोडले. तरी डोंगरावरचा किल्ला उभाच होता. अखेर आत उपासमार झाली आणि मलिक अंबरचा पुत्र फतहखान याने तो स्वाधीन केला.

दोन्ही वेळी निर्णय कोठारात लागला. खिळ्यांची रचना करणाऱ्या कारागिराने आपले काम चोख केले होते. पोती मोजून घेणाऱ्याने ती उघडली नाहीत. संख्या बरोबर होती, माल चुकीचा होता.

आपल्या पेढीवर कुलूप, तिजोरी, कॅमेरे यांवर खर्च होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु येणाऱ्या गाडीतील दर पोत्याचे तोंड सोडून मूठभर माल हातावर घेण्याची वडीलधाऱ्यांची सवय मात्र घाईत सुटत चालली आहे. बिलावरचा आकडा आणि पोत्यातील वस्तू एकच आहेत, हे पाहणारा डोळा हीच पेढीची पहिली देवडी होय. नव्या पिढीच्या हाती किल्ल्या देताना ही सवयही तिच्या हाती द्यावी.