सेवाभावाला म्हातारपण येत नाही का?

गेल्या महिन्यात एका संस्थेत मुलाखतीला गेले होते. काम मनासारखे होते, मानधनाचा आकडाही ठरला. मग मी विचारले, "प्रॉव्हिडंट फंड पहिल्या महिन्यापासून कापणार ना? आणि ग्रॅच्युइटीचे काय?" समितीतले ज्येष्ठ सदस्य हसले. "ताई, तुम्ही समाजकार्य करायला येताय की पेन्शन घ्यायला?"

दोन्हींसाठी! समाजकार्य करणारीला म्हातारपण येत नाही, असे थोडेच आहे?

आपल्या क्षेत्रात बाईच्या कामाला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. मान द्यायचा आणि हक्क कापायचा. अकरा महिन्यांचा करार, आठ दिवसांचा खंड, पुन्हा करार. कायमच्या नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षे लागतात. ती भरलेली दिसूच नयेत, अशी ही सोय. अंगणवाडीताईंनाही वर्षानुवर्षे हेच ऐकवले गेले. त्या मागे हटल्या नाहीत, आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला.

दुसरा फास घरातला. लग्न, बाळंतपण, सासूचे आजारपण. दर वेळी नोकरी सुटते आणि फंडही काढला जातो, कधी दिराच्या धंद्यासाठी, कधी नणंदेच्या लग्नासाठी. १९९५ च्या पेन्शन योजनेला दहा वर्षांची नोकरी लागते. पैसे काढले की मागची वर्षे पुसली जातात. खाते नव्या नोकरीत वर्ग केले तर ती जमेस धरतात. हे आपल्याला कोणी सांगत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, सही करण्याआधी विचारा. संस्थेचा बारा टक्के वाटा ठरलेल्या पगाराच्या वर देणार, की त्यातूनच काढणार? दोन्ही वाटे आपल्याच पदरचे असतील, तर मोठ्या आकड्याला भुलू नका. जुने खाते वर्ग करून घेणार का? उत्तर नेमणूकपत्रात लिहून घ्या. विचारणारीला भांडखोर म्हणतीलच. पण सहीआधी आपल्या हातात निदान नकार तरी असतो.

आणि आपल्या संस्थांचे काय? वीस माणसे नाहीत म्हणून फंडाची सक्ती नाही, असे आपणही म्हणतोच. सक्ती नाही, पण मनाई कुठे आहे? समान दामासाठी मोर्चे काढणाऱ्या आपण, आपल्याच कार्यालयात झाडू मारणाऱ्या मावशींच्या नावावर काय जमा केले?

त्या संस्थेचे पत्र अजून आलेले नाही. आले आणि त्यात फंडाची ओळ नसेल, तर मी सही करणार नाही.