पराभवाचे वृत्त आणि सहृदय प्रेक्षक

मराठी गद्याची चिकित्सा करताना समीक्षेने क्रीडावृत्ताला आपल्या दाराबाहेरच उभे ठेवले आहे. कथा, कादंबरी, ललित निबंध, आत्मचरित्र यांच्या भाषेची बारकाईने छाननी होते. परंतु ज्या गद्याचे वाचन घरोघर रोज सकाळी होते, ज्यातून असंख्य वाचकांची शब्दकळा आणि काही अंशी नीतिबुद्धीही घडते, त्या गद्याकडे वळून पाहण्याची गरज समीक्षेला वाटलेली नाही. या उपेक्षेचा लाभ भडकपणाला झाला. ज्याची तपासणी कोणी करीत नाही ते गद्य हळूहळू आपल्याच सवयींचे गुलाम होते. क्रीडावृत्ताचे तसेच झाले आहे, आणि त्याची सर्वांत जबर किंमत या देशात हॉकीने मोजली आहे.

क्रीडापृष्ठावरील नेहमीचे शब्द आठवून पाहावेत. संघ हरत नाही, त्याचा ‘धुव्वा’ उडतो. तो ‘लोटांगण’ घालतो, त्याच्यावर ‘नामुष्की’ ओढवते. महिलांचा संघ जिंकला की त्यातील प्रत्येक खेळाडू ‘रणरागिणी’ होते. तिचा खेळ कोणत्या जागेवरचा, तिची ताकद कशात, हे कळण्यापूर्वीच तिच्या हातात तलवार दिली जाते. पराभव मोठा असेल तर हमखास ‘पानिपत’ होते. मराठी मनाला या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, म्हणूनच त्याचा असा उथळ वापर अधिक खटकतो. इतिहासाचा अभ्यासक १७६१च्या पराभवाचा विचार करतो तेव्हा तुटलेली रसद, उपाशी सैन्य, फसलेले राजकारण यांचा हिशेब मांडतो. मथळ्यातील पानिपतात मात्र केवळ विध्वंस उरतो. कारणे गळून जातात आणि कारण नसलेल्या विध्वंसाला एक गुन्हेगार लागतो. सनसनाटीचा मूळ दोष हा आहे. अतिशयोक्ती हा त्याचा केवळ बाह्य वेष होय. पराभवाची कारणमीमांसा काढून घेऊन तिच्या जागी एखाद्या माणसाला बसविणे, हे त्याचे खरे कार्य.

१९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत हे कार्य पूर्णत्वास गेले. १ डिसेंबर रोजी नॅशनल स्टेडियमवर झालेल्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताचा ७-१ असा पराभव केला. दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण त्याच वर्षी सुरू झाले होते, त्यामुळे हा पराभव देशाने नव्या झळाळीत पाहिला. दोष गोलरक्षक मीररंजन नेगी यांच्या माथी आला. त्यांनी पैसे घेतले, ते विकले गेले, अशा वावड्या उठल्या आणि छापल्याही गेल्या. या आरोपाच्या पाठीशी पुरावा कधीच उभा राहिला नाही. पण वावडीला पुराव्याची गरज नसते, तिला केवळ पुनरुक्ती पुरते. नेगी पुन्हा भारताकडून खेळले नाहीत.

ज्याला हा खेळ ठाऊक आहे त्याने येथे एक साधा प्रश्न विचारावयास हवा होता. हॉकीत गोल दूरवरून होत नाही; गोलासमोरच्या अर्धवर्तुळात, खेळाडू ज्याला ‘डी’ म्हणतात त्या रेषेच्या आत, आक्रमकाच्या काठीचा चेंडूला स्पर्श व्हावा लागतो. सात गोल झाले याचा अर्थ प्रतिपक्ष किमान सात वेळा त्या रेषेच्या आत पोहोचला. तेथवर येण्यापूर्वी त्याने आघाडी, मधली फळी आणि बचाव ओलांडलेला असतो. गोलरक्षक हा या साखळीतील शेवटचा दुवा असतो. शेवटी जो दिसतो तोच दोषी, असा न्याय गावातल्या पंचायतीतही कोणी मान्य करणार नाही. क्रीडावृत्ताने तो मान्य केला.

शिवाय समोरचा संघ कोणता होता? त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईत झालेल्या विश्वचषक स्पर्धेत पाकिस्तानने पश्चिम जर्मनीला हरवून जगज्जेतेपद मिळविले होते. हसन सरदार, समीउल्ला, कलीमुल्ला यांच्यासारखे आक्रमक त्या संघात होते आणि भारत त्या स्पर्धेत पाचवा आला होता. अवघ्या अकरा महिन्यांपूर्वीचे हे वास्तव होते, आणि तेही मुंबईच्या मैदानावर घडलेले. मग दिल्लीचा पराभव इतका अनाकलनीय का वाटला? याचे उत्तर आणखी दोन वर्षे मागे जाऊन शोधावे लागते. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताने स्पेनला ४-३ असे नमवून आठवे सुवर्णपदक जिंकले. ते यश खोटे नव्हते. परंतु बहिष्कारामुळे पाकिस्तान, पश्चिम जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया हे संघ तेथे नव्हते आणि पुरुषांच्या स्पर्धेत केवळ सहा संघ उतरले होते. त्याआधी १९७६मध्ये माँट्रिअलला ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि भारत सातव्या स्थानावर फेकला गेला. मातीच्या आणि गवताच्या मैदानावर वाढलेल्या कौशल्याला नव्या पृष्ठभागाने आव्हान दिले होते. वेग, शारीरिक क्षमता, सरावाची मैदाने, पैसा असे सगळेच प्रश्न माँट्रिअलला उभे राहिले होते. मॉस्कोच्या सुवर्णाने ते झाकले. ‘सुवर्णयुग परतले’ या विजयगर्जनेतच ‘गद्दार कोण?’ या प्रश्नाचे बीज होते. विजयाची कारणे ज्याला सांगता आली नाहीत, त्याला पराभवाचीही सांगता येणार नव्हती.

या प्रकरणाला आणखी एक बाजू आहे आणि ती अधिक लज्जास्पद आहे. दिल्लीच्या त्याच आशियाई स्पर्धेत महिलांच्या हॉकीचा प्रथमच समावेश झाला होता आणि भारतीय महिला संघाने सुवर्णपदक जिंकले. या संघाच्या कर्णधार एलिझा नेल्सन या मूळच्या पुण्याच्या. पुढल्या वर्षी त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. १९८२चे नाव काढताच ७-१ हा आकडा सांगणारे अनेक भेटतात. हे सुवर्ण सांगणारे विरळा. महाराष्ट्रातील वाचकालाही आपल्याच मातीतील या कर्णधाराचे नाव पाठ नसावे, याला विस्मरण म्हणणे फार सौम्य होईल. खळबळ ज्या जागेवर उभी राहते ती जागा दुसऱ्याची असते, हेच येथे सिद्ध होते.

नेगी यांचे नंतर काय झाले? १९९८मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने ३२ वर्षांनी हॉकीचे सुवर्ण मिळविले, त्या वेळी संघाच्या गोलरक्षकांचे प्रशिक्षक नेगी होते. २००२च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णविजेत्या महिला संघाशीही ते निगडित होते. या गोष्टींनी लोकमत बदलले नाही. ते बदलले २००७मध्ये, ‘चक दे! इंडिया’ हा चित्रपट आल्यावर. पटकथाकार जयदीप साहनी यांनी ही नेगींची जीवनकथा नाही असे सांगूनही ती नेगींचीच कथा म्हणून गाजविली गेली. म्हणजे भडक वृत्ताने घेतलेली अब्रू परत मिळविण्यासाठीही पडद्यावरची भव्य कथाच लागली. मैदानावरचे काम अपुरे ठरले.

एवढ्यावरून सारा दोष वार्ताहरांच्या पदरात टाकणे सोपे आहे. परंतु मागणी नसती तर हा माल खपला नसता. हॉकीच्या चाहत्याचे वर्तनही तपासावे लागेल. अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या मार्गातील जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांत स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होणे हे एक आहे. नाट्यगृहात बसलेला प्रेक्षक आपल्या घरच्या सुखदुःखात गुंतून पडला तर त्याला रसाचा अनुभव येत नाही. हॉकीचा सामान्य चाहता नेमका या विघ्नाने ग्रासलेला आहे. समोरच्या खेळाकडे तो स्वतःच्या मानापमानाचा खटला म्हणून पाहतो. ‘राष्ट्रीय खेळ’ ही पदवी त्याने हॉकीला परस्पर बहाल केली. २०१२मध्ये माहितीच्या अधिकाराखालील एका अर्जाला उत्तर देताना क्रीडा मंत्रालयाने कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित झालेला नाही असे कळविले, तरी ती समजूत हलली नाही. जो सामन्याला एरवी फिरकत नाही, तो पराभवानंतर मात्र मालकी सांगू लागतो.

भक्तीच्या भरातही हा चाहता खेळापासून तितकाच दूर असतो. ध्यानचंद यांच्या काठीत लोहचुंबक असावे म्हणून ती मोडून पाहिली, ही दंतकथा त्याला प्रिय आहे. परंतु १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्धच्या २४-१ या विजयात ध्यानचंद यांचे आठ आणि त्यांचे बंधू रूपसिंग यांचे दहा गोल होते, हे त्याला ठाऊक नसते. त्या स्पर्धेत मुळात तीनच संघ होते, हेही नसते. चुंबकाची कथा स्तुतीसारखी वाटते. प्रत्यक्षात ती कौशल्याचा अपमान करते, कारण जे वर्षानुवर्षांच्या सरावाने साधले ते जादूच्या खात्यावर जमा होते. जो चमत्कारावर विश्वास ठेवतो तो चमत्कार थांबताच घातपातावर विश्वास ठेवतो.

हे सारे जुने झाले, असे मानण्याची सोय नाही. २०२१च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये वंदना कटारिया यांनी ३१ जुलै रोजी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये अशी कामगिरी करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांच्या वडिलांचे निधन काही महिन्यांपूर्वी झाले होते आणि सरावशिबिरामुळे त्यांना अंत्यदर्शन घेता आले नव्हते. वृत्तांनी हे अश्रू सविस्तर सांगितले. गोलाच्या तोंडाशी योग्य क्षणी योग्य जागी असण्याची त्यांची कला त्यामानाने थोडक्यात आटोपली. ४ ऑगस्टला उपांत्य सामन्यात भारत अर्जेंटिनाकडून १-२ असा हरला आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये कटारिया यांच्या घरापुढे फटाके वाजवून त्यांच्या कुटुंबाला जातिवाचक शिवीगाळ करण्यात आली. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, अटकाही झाल्या. १९८२मध्ये गद्दारी शोधली गेली, २०२१मध्ये जात. वृत्तांनी ही शिवीगाळ शिकविली असे कोणी म्हणणार नाही. ते विष फार जुने आहे. पण पराभवाला गुन्हेगार लागतोच, ही सवय कोणी लावली, हा प्रश्न टाळता येत नाही. गुन्हेगार नेमताना प्रत्येक समाज आपल्या जुन्या द्वेषाच्या पेटीतच हात घालतो.

सनसनाटीचे समर्थक येथे एक युक्तिवाद करतात आणि तो ऐकून घेण्याजोगा आहे. क्रिकेटच्या महापुरात हॉकीकडे कोण पाहणार? थोडी खळबळ झाली तरच या खेळाचे नाव निघते. ते २००८चा दाखला देतात. त्या वर्षी मार्चमध्ये भारतीय संघ १९२८नंतर प्रथमच ऑलिंपिकला अपात्र ठरला. एप्रिलमध्ये एका वृत्तवाहिनीने छुप्या चित्रणातून निवडीतील पैशाचा व्यवहार दाखविला आणि भारतीय हॉकी महासंघ निलंबित झाला. हे काम चांगलेच होते. परंतु तेथे वस्तुस्थिती आधी होती आणि खळबळ तिच्यामागून आली. नेगींच्या बाबतीत खळबळ आधी उठली आणि वस्तुस्थिती कधी आलीच नाही. या दोहोंना एकाच नावाखाली घालणे म्हणजे वैद्याची सुरी आणि मारेकऱ्याची सुरी एकाच मापाने मोजणे होय. शिवाय खळबळीने लाभणारे लक्ष हे अवर्षणातल्या वळिवासारखे असते. गाजते पुष्कळ, मुरते थोडे. निवड कशी होते, मैदाने किती आहेत, शाळांत काठ्या पोहोचतात का, या प्रश्नांना रोजच्या, संथ, चिवट वार्तांकनाची गरज असते.

असा संथ रस घेणारा प्रेक्षक या देशात आहे. ओडिशातील सुंदरगढ आणि झारखंडमधील सिमडेगा या आदिवासी भागांत गावोगावी हॉकीचे सामने होतात आणि अनेक ठिकाणी विजेत्या संघाला बक्षीस म्हणून बोकड मिळतो. दिलीप तिर्की याच मातीतून आले, सलीमा टेटेही. तेथील म्हाताऱ्यालाही बचावपटू कोठे चुकला हे दिसते, कारण तो स्वतः खेळलेला असतो. २०२३च्या विश्वचषकात न्यूझीलंडकडून हरून भारत बाद झाला आणि उरलेले दोन सामने सुंदरगढ जिल्ह्यातील राउरकेलात केवळ नवव्या स्थानासाठी खेळला. मथळ्यांच्या दृष्टीने स्पर्धा संपली होती. मैदानावर हॉकी चालूच होती. ती पाहू शकणारा तो सहृदय. त्यालाही पराभवाचे दुःख होते, पण त्या दुःखाला तो कारण विचारतो, बळी मागत नाही.

तोक्योत ४१ वर्षांनी आणि २०२४मध्ये पॅरिसला पुन्हा, पुरुष संघाने कांस्यपदक मिळविले. ‘सुवर्णयुग परतले’ ही गर्जना पुन्हा कानी येऊ लागली आहे. मॉस्कोनंतरचा अनुभव गाठीशी असताना तिने सावध व्हावयास हवे. विजयाचा वृत्तान्त लिहिणाऱ्याने तो कसा मिळाला हे आजच लिहून ठेवावे. उद्याच्या पराभवाच्या दिवशी गोलपाटीखाली उभ्या असलेल्या एकट्या माणसाला तेवढाच आधार असेल. आणि साहित्याच्या अभ्यासकाने हे गद्य ‘हलके’ म्हणून बाजूला सारण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे, की एखाद्या सुमार कादंबरीने फार तर वाचकाची दुपार वाया जाते. सुमार क्रीडावृत्ताने नेगींच्या आयुष्याची कित्येक वर्षे घेतली.