चित्रातलं म्हातारं कोण?

हा राक्षस तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असणार. डोक्याला शिंगं, पाठीला पंख, हनुवटी हातांवर टेकलेली, जीभ बाहेर आणि नजर पार लांब, पॅरिसच्या छपरांवर. सोमवारच्या मीटिंगमध्ये आपण बसतो, अगदी तस्साच! नोत्र दाम चर्चच्या गॅलरीतला हा प्राणी जगभर गाजला तो शार्ल मेरियोंच्या 1853च्या 'ल स्त्रीज' या एचिंगमुळे.

मेरियों आधी नौदलात होता. जग फिरून आलेला, पण रंगांधळा. म्हणजे रंगांचा मामला बाद. मग त्याने तांब्याचा पत्रा धरला. पत्र्यावर मेणासारखा थर, त्यावर सुईने रेघा, मग ॲसिड. काळं आणि पांढरं, बास.

आता राक्षसाला जरा बाजूला सारा (सॉरी, बॉस!). मागे घरांच्या गर्दीतून एक मनोरा वर आलाय, भोवती पक्षी. हा सॅं-झाक टॉवर, 1509 ते 1523 मध्ये बांधलेला. राज्यक्रांतीनंतर त्याचं चर्च दगडांच्या भावात विकून पाडलं, मनोरा तेवढा राहिला. पुढे त्यात शिशाचे छर्रे बनायला लागले. वितळलेलं शिसं वरून चाळणीतून सोडायचं, पडता पडता थेंब गोल होतात, खाली पाण्यात गार. चर्चच्या घंटेखाली बंदुकीचा माल! 1836 मध्ये शहराने तो विकत घेतला.

आणि तो प्राचीन वाटणारा राक्षस? 1845 नंतरच्या दुरुस्तीत बसवलेला, मेरियोंच्या वेळी नवाकोरा. चित्रातला खरा म्हातारा मनोराच. आपण मात्र तीनशे वर्षांनी धाकट्या राक्षसाचे मग विकत घेतो.

त्याच 1853 मध्ये ओसमान पॅरिसचा प्रीफेक्ट झाला आणि शहराचं रिडेव्हलपमेंट धडाक्यात सुरू झालं. रिव्होली रस्ता लांबवताना मनोऱ्याभोवतीची वस्ती गेली. जमीन इतकी खाली नेली, की मनोऱ्याखाली नवा चौथरा घालावा लागला. 1856 मध्ये भोवती बाग झाली. 'मनोरा वाचवला' असं गाइडबुकवाले लिहितात. मला हे अर्धंच पटतं. भाडं न परवडणारी माणसं शहराच्या कडेला गेली, त्यांना कुणी चौथरा बांधून दिला नाही. अर्थात, त्या गल्ल्या अंधाऱ्या नि घाणेरड्या होत्या हेही खरंच. तिथे राहायला जा म्हटलं तर मीही जाणार नाही.

मेरियोंची चित्रं फारशी विकली गेली नाहीत. बोदलेअरने 1859 मध्ये त्याचं तोंडभरून कौतुक केलं, पण तोवर त्याचं डोकं ताळ्यावर राहिलं नव्हतं. 1868 मध्ये तो शारांतोंच्या वेड्यांच्या इस्पितळात गेला.

पॅरिसला गेलात तर त्या बागेत टेका जरा. मनोरा छान धुऊनपुसून ठेवलाय, फोटोही झकास येतो. फक्त त्याला खेटून उभी असलेली छपरं बघायची, तर मेरियोंचं चित्रच काढावं लागतं.