एंटर दाबण्याआधी
राजगड, म्हणजे पूर्वीच्या वेल्हे तालुक्यातल्या पासलीसारख्या गावात ग्रामसभेचं इतिवृत्त संगणकावर लिहायचं, तर विषय, चर्चा, ठराव अशी उतरंड लागते. क्रमांकित मुद्द्यांची आउटलाइन त्यासाठीच असते. एंटर मारला की नवा मुद्दा, टॅबने मुद्दा आत, शिफ्ट-टॅबने बाहेर, सोय उत्तमच. पण पाण्याच्या ठरावाखाली सूचक-अनुमोदकांची नावं लिहायला एंटर दाबावा, तर सूचकाचं नावच ‘४’ क्रमांकाचा मुद्दा होऊन बसतं, आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. तिथे शिफ्ट-एंटर हवा: ओळ बदलते, क्रमांक नाही. एवढी साधी गोष्ट कुणी शिकवत नाही, याचा मला खरंच राग येतो, कारण ठरावाचा क्रमांक हा गावाचा पुरावा असतो. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स या वाटेने गेलं की आपोआप क्रमांक पडणं थांबवता येतं, टॅबने समास सरकणंही. लिब्रेऑफिसमध्ये टूल्सखालच्या कस्टमाइझमधून शॉर्टकट बदलता येतात. ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणाऱ्यांनो, मराठी टंकलेखनाबरोबर अर्धा तास या सेटिंगसाठीही ठेवा.