कमरेला रिव्हॉल्वर की दिवसा वीज?



बुलढाण्यात ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला कापूस-ज्वारी पिकवणारा शेतकरी असो की आमच्या पेण-रोह्याकडचा डोंगराखालचा भातशेतकरी, रात्री जागलीला निघताना दोघांचाही जीव मुठीत असतो. तिकडे अस्वल, इकडे रानडुक्कर आणि बिबट्या. मग कोणीतरी म्हणतोच, “कमरेला एक रिव्हॉल्वर हवे.”

आम्हाला हे पटत नाही. अस्वलाची नजर अधू. वारुळ उकरण्यात ते दंग असते. माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही, आणि लागला की बिथरून ते थेट तोंडा-डोक्यावर येते. तेवढ्या क्षणात, अंधारात, एका हातात बॅटरी धरून नेम साधणार कोण? अलास्कात 1883 ते 2009 या काळातल्या, अस्वलापुढे माणसाजवळ बंदूक असलेल्या 269 घटना अभ्यासकांनी तपासल्या. निष्कर्ष 2012 साली आला: जवळून गाठ पडली तेव्हा बंदूक चालवणारे आणि न चालवणारे सारख्याच प्रमाणात जखमी झाले होते.

हत्यार मागायचेच तर कायद्यात आपल्यासाठी जे आहे ते मागा. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. ती अपुरी पडत असेल तर छऱ्याच्या दुसऱ्या बंदुकीची. रिव्हॉल्वरसाठी मात्र सबळ कारण पटवावे लागते. ध्यानात ठेवा, बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. डुक्कर मारायलाही वनखात्याची वेगळी परवानगी लागते. अस्वल आणि बिबट्या तर 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. जीव वाचवताना प्रामाणिकपणे जनावर मारले गेले तर कलम 11 प्रमाणे तो गुन्हा नाही. पण मेलेले जनावर सरकारचे.

आता मुळावर येऊ. शेतकरी रात्री अस्वलाच्या वाटेवर जातो कशाला? हौसेने नाही. विहिरीत थोडे पाणी असते, आणि मोटारीची वीज रात्रीच्या पाळीत येते. शहरातला माणूस झोपलेला असतो तेव्हा आपण बांधावर चाचपडत असतो. दिवसा वीज देण्यासाठी 2017 साली सौर कृषी वाहिनी योजना निघाली. तिची वीज आपल्या फीडरवर दिवसा येते का, हे प्रत्येक गावाने विचारले पाहिजे.

तोवर एकट्याने जाऊ नका. दोघे-तिघे मिळून, मोठ्याने बोलत, काठी आपटत चला. पहाटे झुडपाआड शिरू नका.

बैठकीत ठराव करायचा तर तीनच मागण्यांचा करा: दिवसा वीज, पीकरक्षणाच्या परवान्याचा मुदतीत निकाल, आणि नुकसानीची वेळेवर भरपाई. रात्रीची पाळी सुटली तर रिव्हॉल्वरची गरज किती जणांना उरेल?