पिस्तुलाचा बोअर आणि नेमबाजाचा हात

२००६ साली दोहा येथील आशियाई क्रीडास्पर्धांत जसपाल राणा यांनी पंचवीस मीटर सेंटरफायर पिस्तूल या प्रकारात ६०० पैकी ५९० गुण मिळवून त्या वेळच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. पुढे २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांच्या शिष्या मनू भाकर यांनी पंचवीस मीटर पिस्तूल प्रकाराच्या पात्रता फेरीत नेमके ५९० गुणच मिळविले. या दोन्ही प्रकारांची मांडणी सारखी आहे. तीस गोळ्या सावकाश झाडावयाच्या, दर पाच गोळ्यांस पाच मिनिटे. आणि तीस गोळ्या त्वरेने, लक्ष्य तीन सेकंद समोर येते व सात सेकंद दृष्टीआड होते तेवढ्या अवकाशात. अंतर तेच, लक्ष्ये तीच. फरक एवढाच, की सेंटरफायर प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर बोअरचे पिस्तूल लागते आणि दुसऱ्या प्रकारात .२२चे, म्हणजे ५.६ मिलिमीटरचे. गुरूचे ५९० आणि शिष्येचे ५९० हा अर्थातच योगायोग होय, आणि एका योगायोगावरून सिद्धांत मांडू नये हे अर्थशास्त्राच्या अध्यापकाला तरी सांगावे लागू नये. परंतु कोणत्या बोअरचे पिस्तूल अधिक अचूक, या नेहमीच्या वादाचा विचार करताना हे दोन आकडे समोर ठेवणे उपयुक्त आहे.

हा वाद जुना आहे आणि तो बहुधा चुकीच्या टोकाने सुरू होतो. बोअर म्हणजे नळीचा व्यास. तो इंचाच्या शतांशांत सांगण्याची इंग्रजी पद्धत आपण उचलली. ती पद्धतही फारशी प्रामाणिक नाही. .३८ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोळीचा प्रत्यक्ष व्यास .३५७ इंच भरतो! या व्यासात स्वतःची अशी अचूकता नसते. अचूकता असते ती विशिष्ट नळी, विशिष्ट काडतूस आणि त्यांचा एकमेकांशी जमलेला मेळ यांत. पिस्तूल यंत्राच्या चिमट्यात घट्ट धरून झाडले, म्हणजे माणसाचा हात मधून काढून टाकला, तर स्पर्धेसाठी नीट तयार केलेली .२२, .३२, .३८ आणि .४५ची पिस्तुले आपापल्या अंतरावर दहा गुणांच्या वर्तुळाहून लहान जागेत गोळ्या घालतात. अमेरिकन पद्धतीच्या स्पर्धांत पन्नास यार्डांवरील दहाचे वर्तुळ ३.३६ इंचांचे असते. तेथेही उत्तम जुळविलेले.४५ पिस्तूल कमी पडत नाही. ९ मिलिमीटरच्या काडतुसाची जी अपकीर्ती झाली तीही मुख्यतः सैनिकी पिस्तुलांमुळे. चिखलातही ते चालावे म्हणून त्याचे भाग मुद्दाम सैल ठेवलेले असतात. दोष मोकळ्या जोडणीचा, आणि शिक्षा मात्र काडतुसाला.

मग बोअरने काहीच फरक पडत नाही काय? पडतो, पण तो दोन आडवाटांनी पडतो, आणि त्या दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध दिशेने जातात.

पहिली वाट भोकाची. नेमबाजीत गोळीच्या भोकाची कड वरच्या वर्तुळाच्या रेषेला स्पर्शली तरी वरचा गुण मिळतो. म्हणून जाड गोळीला लक्ष्य थोडे मोठे असते. पंचवीस मीटरवरील सावकाश फेरीच्या लक्ष्यात दहाचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते. .२२च्या गोळीचा मध्यबिंदू केंद्रापासून २७.८ मिलिमीटरपर्यंत कोठेही पडला तरी दहा गुण, ९.६५ मिलिमीटरच्या मापाने मोजल्यास ही मर्यादा २९.८ मिलिमीटरपर्यंत जाते. क्षेत्रफळात हा लाभ सुमारे १५ टक्क्यांचा झाला. लहान नव्हे. यासाठीच सपाट तोंडाची, कागदात स्वच्छ गोल भोक पाडणारी वॉडकटर गोळी प्रचारात आली, आणि .३८ वॉडकटरसाठी अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसन कंपनीने मॉडेल ५२ हे खास पिस्तूलही बनविले.

दुसरी वाट धक्क्याची. गोळीचे वजन आणि वेग यांचा गुणाकार केला, म्हणजे हाताला बसणाऱ्या धक्क्याची ढोबळ कल्पना येते. .२२ची गोळी २.६ ग्रॅमची, .३२ वॉडकटर सुमारे साडेसहा ग्रॅमची, .३८ची साडेनऊ ग्रॅमच्या वर आणि लक्ष्यवेधासाठी सौम्य भरलेल्या .४५ची बारा ग्रॅमची. .२२चा धक्का एक धरला, तर .३२चा दुपटीच्या आसपास, .३८चा पावणेतीनपट आणि .४५चा साडेतीनपट भरतो. गोळी नळीबाहेर पडते तेव्हा धक्क्याचा मोठा भाग अजून यावयाचा असतो. त्यामुळे प्रत्यक्ष धक्क्याने नेम फारसा बिघडत नाही, बिघडतो तो त्याच्या अपेक्षेने. मनगट आधीच आखडते, बोट चापाला हिसका देते, डोळा मिटू पाहतो. जलद फेरीत तर पुढच्या गोळीसाठी पिस्तूल पुन्हा जागेवर आणण्यात वेळ जातो. या कारणाने ऑलिंपिकमधील पंचवीस मीटर रॅपिड फायर प्रकारात नेमबाजांनी स्वतःहून .२२ शॉर्ट हे अधिकच दुबळे काडतूस पसंत केले होते. २००५पासून नियमाने ते बंद होऊन .२२ लाँग रायफल काडतूस सक्तीचे झाले. विजयकुमार यांनी २०१२ साली लंडन येथे रौप्यपदक मिळविले ते या नव्या नियमांखाली.

या दोन वाटांचा हिशेब एकत्र कसा लागतो, याचा सुंदर नमुना सेंटरफायरच्या नियमांतच सापडतो. त्या प्रकारात संशयास्पद भोक तपासण्याचे मापक ९.६५ मिलिमीटरचे आहे आणि गोळी .३२ची असो वा .३८ची, मापक तेच लावले जाते. म्हणजे जाड गोळीचा भोकाचा लाभ नियमाने सर्वांना सारखा वाटून दिला. उरला फक्त धक्क्याचा तोटा. परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. आंतरराष्ट्रीय नेमबाज .३२ वॉडकटरकडे वळले आणि .३८ मागे पडली. उद्या कोणी म्हणेल की जगातील उत्तम नेमबाज .३२ वापरतात, म्हणून .३२ अधिक अचूक. तर ते कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करणे होईल. बाजारात एखादी वस्तू खपते ती गुणाने, की करांच्या रचनेने, हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. येथेही तो विचारला पाहिजे.

अमेरिकेतील ओहायो राज्यात कॅम्प पेरी येथे भरणाऱ्या स्पर्धांची परंपरा निराळी आहे. तेथे .२२, सेंटरफायर आणि .४५ अशा तीन विभागांत प्रत्येकी नव्वद गोळ्या, एकूण २७०० गुण. सेंटरफायर विभागात .३२ किंवा .३८ आणण्याची मुभा असूनही पुष्कळ नेमबाज तेथे .४५च झाडतात. अधिक धक्क्याचे शस्त्र जाणूनबुजून का घ्यावे? कारण तिसऱ्या पिस्तुलाचा खर्च वाचतो आणि, त्याहून महत्त्वाचे, दोन विभागांचा सराव एकाच मुठीवर होतो. त्यांनी अचूकता सोडली असे वरवर दिसते; वस्तुतः त्यांनी सराव विकत घेतला.

माझा मुद्दा हाच आहे. फैलावांची बेरीज साधी होत नाही, वर्गांची होते. समजा, पिस्तूल व काडतूस यांचा स्वतःचा फैलाव २० मिलिमीटर आहे आणि होतकरू नेमबाजाच्या हाताचा ६० मिलिमीटर. एकत्र फैलाव ८० होत नाही. तो ६३च्या जरा वर येतो. आता मोठी किंमत मोजून दुप्पट अचूक पिस्तूल आणले, त्याचा फैलाव २०चा १० झाला, तर एकूण फैलाव ६१च्या जरा खाली उतरतो. लाभ जेमतेम अडीच मिलिमीटर. उलट जुनेच पिस्तूल ठेवून सरावाने हाताचा फैलाव ६०वरून ५०वर आणला, तर एकूण ५४ होतो, लाभ नऊ मिलिमीटरांचा. पिस्तुलावर घातलेल्या शेवटच्या रुपयाचे फळ आणि काडतुसांवर घातलेल्या शेवटच्या रुपयाचे फळ यांत एवढी तफावत असेल, तर पैसा कोठे जावा हे सांगण्यास पदव्युत्तर पदवीची आवश्यकता नाही. जगज्जेत्याच्या बाबतीत गणित बदलते, हे खरे. त्याच्या हाताचा फैलावच इतका लहान असतो की पिस्तुलाचे प्रत्येक मिलिमीटर मोलाचे ठरते. म्हणून असे नेमबाज.२२ काडतुसांच्या निरनिराळ्या घाण्या आपल्याच नळीतून झाडून पाहतात व जमेल ती घाणी साठवून ठेवतात. पण त्यांचे अनुकरण शाळकरी मुलाने करणे म्हणजे दोन गुंठे जमिनीसाठी ट्रॅक्टर घेणे होय.

आपल्याकडे या प्रश्नाला कायद्याची चौकट आहे. .३८, ९ मिलिमीटर व .४५ हे बोअर सामान्य परवानाधारकाला निषिद्ध आहेत. लोकांच्या तोंडी ‘बत्तीस बोअर’ हा शब्द रुळला तो त्यामुळे; .३२ मात्र मोकळा. त्याची काडतुसे आपल्या खडकीच्या कारखान्यात होतात. पण ती संरक्षणासाठीची काडतुसे, स्पर्धेच्या दर्जाची.२२ आणि .३२ काडतुसे मुख्यतः युरोपातून येतात, आणि .३२चे काडतूस .२२च्या कित्येक पट महाग पडते. तेव्हा भारतीय विद्यार्थ्यासमोरचा खरा पर्याय .३८ की .४५ हा नसून, त्याच पैशात आठवड्याला किती गोळ्या झाडता येतील हा आहे.

या ठिकाणी आपल्या संस्थांच्या हिशेबाची रीत आड येते. क्रीडासाहित्याची खरेदी ही भांडवली बाब. ती एकदा मंजूर होते, तिचे उद्घाटन करता येते, छायाचित्र छापून येते. काडतुसे ही चालू खर्चाची बाब. ती झाडली की संपली. वर्षअखेरीस लेखापरीक्षकाला दाखवावयास कपाटात काही उरत नाही. म्हणून परदेशी पिस्तूल येते, कुलूपबंद राहते आणि त्याच्या तोंडी घालावयास काडतुसे नसतात. ग्रंथालयाची इमारत उभारून पुस्तकांना तरतूद न ठेवण्याची आपली सवय शिक्षकांना परिचित आहेच. नेमबाजीत तिची किंमत अधिक आहे. कारण ही किंमत भरतो तो ज्याचे वडील स्वतःच्या खिशातून पेटी विकत घेऊ शकत नाहीत असा मुलगा. गुणवत्तेची गाळणी तेथे आधीच लागून जाते, आणि मग आपण म्हणतो की हा श्रीमंतांचा खेळ आहे.

शस्त्र सारखे असताना माणूस किती फरक पाडतो, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. २०१८ साली आशियाई स्पर्धांत पंचवीस मीटर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत भाकर यांनी ५९३ गुणांचा स्पर्धाविक्रम केला. अंतिम फेरीत मात्र त्या सहाव्या आल्या. सुवर्णपदक मिळविले ते कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी, तेही थायलंडच्या प्रतिस्पर्धिनीशी बरोबरी झाल्यावर जादा फेऱ्यांत. तिघींच्या हाती बोअर .२२च होता.

जिल्हा क्रीडा कार्यालये आणि महाविद्यालये यांना करण्याजोगे यात बरेच आहे. आरंभ हवेच्या पिस्तुलाने व्हावा. दहा मीटरवरील त्याचे दहाचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटरचे असते, धक्का जवळजवळ नसतो आणि ४.५ मिलिमीटरचा छर्रा सर्वांत स्वस्त. पॅरिसमधील भाकर यांची दोन्ही कांस्यपदके याच प्रकारातील आहेत, त्यांपैकी एक सरबज्योत सिंग यांच्या जोडीने. रिकाम्या पिस्तुलाने, भिंतीसमोर उभे राहून केवळ चाप दाबण्याचा सराव तर फुकटच होतो, आणि तो शिकवावयास मार्गदर्शकाचा तास लागतो, काडतूस नव्हे. त्यानंतर .२२, आणि तिच्यासाठी अनुदानात छर्रे व काडतुसे यांचे स्वतंत्र शीर्ष असावे, दर मुलामागे दर महिन्याच्या गोळ्यांच्या संख्येत मांडलेले, पिस्तुलाच्या किमतीत मिसळलेले नव्हे. खरेदीच्या प्रस्तावासोबत तीन वर्षांच्या काडतुसांचा खर्च दाखविल्याखेरीज पिस्तूल मंजूर होऊ नये. .३२चा विचार ज्याला सेंटरफायरमध्ये उतरावयाचे आहे त्याने, .२२वर हात बसल्यावर करावा. वॉल्थर जीएसपीसारख्या पिस्तुलांत तर त्याच सांगाड्यावर.२२ऐवजी .३२ची नळी बसविण्याची सोय केलेली आहे, त्यामुळे परवान्याची पूर्तता झाली की सवयीची मूठ बदलावी लागत नाही.