दुसरा यष्टिरक्षक

शाळेचा संघ जाहीर झाला म्हणजे अकरा मुलें उड्या मारीत घरीं जातात. बारावा आणि तेरावा मात्र घरीं काय सांगावें या विवंचनेंत पडतात. त्यांतही दुसऱ्या यष्टिरक्षकाची स्थिति अधिक कठीण. फलंदाज सहा-सात, गोलंदाज चार-पांच. त्यांपैकीं कोणी दुखावतो, कोणाचा खेळ साधत नाहीं, आणि राखीव गड्याची पाळी येते. स्टंपांमागें जागा एकच! फुटबॉलच्या गोलकीपराचेंही तसेंच. पहिला गडी धडधाकट राहिला, तर दुसऱ्यानें वर्षानुवर्षें सराव करावा आणि सामन्याच्या दिवशीं इतरांस पाणी नेऊन द्यावें. अशा मुलाचे वडील विचारतात, "खेळावयास मिळत नाहीं, तर मैदानावर वेळ कशास दवडावा?" प्रश्न रास्त आहे, पण मुलास संघांतून काढून घेणें हें त्याचें उत्तर नव्हे.

श्री. चंद्रकांत पंडित यांची हकीकत पाहा. मुंबईचे हे यष्टिरक्षक १९८६ सालीं इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले. पण त्याच दौऱ्यांत बडोद्याच्या श्री. किरण मोरे यांनीं स्टंपांमागची जागा आपलीशी केली. पंडितांना लीड्स येथें पहिली कसोटी मिळाली ती केवळ फलंदाज म्हणून. पुढें मोरे ४९ कसोट्या खेळले. पंडित अवघ्या ५. १९९२ सालीं त्यांचा भारताकडून खेळ संपला. पुढें मध्यप्रदेशाचे कर्णधार म्हणून १९९९ सालीं ते बंगळूर येथें रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत उतरले, आणि कर्नाटकाकडून हरले.

एवढ्यावर हिशेब मिटविला, तर ही निराशेचीच कहाणी. परंतु हेच गृहस्थ प्रशिक्षक म्हणून विदर्भांत आले. तोंपर्यंत आपला विदर्भ रणजीच्या अंतिम सामन्यापर्यंत एकदांही पोंचला नव्हता. १ जानेवारी २०१८ रोजीं इंदूर येथें त्यानें दिल्लीस नमवून करंडक आणला. त्या सामन्यांत यष्टिरक्षक अक्षय वाडकरानें १३३ धावा काढल्या. पुढच्याच वर्षीं नागपुरास सौराष्ट्राचा ७८ धावांनीं पराभव झाला. त्या वेळीं पहिल्या डावांत नाबाद ७३ धावा करणारा अक्षय कर्णेवार आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा. दोन्ही हातांनीं गोलंदाजी करणारा हा नवलाचा गडी! आणि २०२२ सालीं बंगळूरच्या त्याच मैदानावर पंडितांच्या मध्यप्रदेशानें मुंबईस हरविलें.

बांकावर बसल्यामुळेंच ते असे प्रशिक्षक झाले, असें म्हणणें धाडसाचें होईल. तथापि यष्टिरक्षक प्रत्येक चेंडू पाहतो, आणि दुसरा यष्टिरक्षक चेंडूबरोबर पहिल्या यष्टिरक्षकासही पाहतो. ही नजर घरीं बसून येत नाहीं.

पालकांस इतकें सांगितल्यावर शाळांसही कांहीं सांगणें प्राप्त आहे. नुसता धीर धर म्हणून मुलाची बोळवण करणें सोपें असतें. स्पेन देशांत बार्सिलोना संघाचा पहिला गोलकीपर वाल्देस असतांना, करंडक स्पर्धेचे सामने बहुधा पिंतो या दुसऱ्या गोलकीपरास देत; २००९ व २०१२ च्या विजयी अंतिम सामन्यांतही तोच उभा होता. एवढ्या मोठ्या संघास हें परवडलें, तर शाळांच्या मैत्रीच्या सामन्यांत कां परवडूं नये? हंगामाच्या आरंभीं फळ्यावर संघाचीं नांवें लिहितांना दुसऱ्या यष्टिरक्षकाच्या नांवापुढें त्याचे सामनेही लिहावे, आणि पहिला कितीही चांगला खेळत असला तरी ते पुसूं नयेत.